241 मैल, 241 पेनं: एका मर्यादित आवृत्तीचं प्रकरण

गेल्या दिवाळीत अमेरिकेतल्या एका मित्राचा फोन आला. आम्ही दोघं शाळेपासूनचे शाईपेनवाले. वर्गात बॉलपेन आली तरी निळ्या बोटांनी फिरणारे आम्ही शेवटचे दोघं. तो म्हणाला, "माँब्लांचं गांधी पेन मिळतंय रे. तीन हजार पेनांच्या आवृत्तीतलं. घेऊ का?"

मी त्याला लगेच उत्तर दिलं नाही. माँब्लां ही महागडी पेनं बनवणारी जर्मन कंपनी. तिच्या त्या पेनाची गोष्ट मला वरवर ठाऊक होती, पण ती नीट जुळवून पाहिली नव्हती. पुढचे काही आठवडे तेच केलं. मर्यादित आवृत्त्या जमवणाऱ्या कोणालाही हे प्रकरण बारकाईने वाचण्यासारखं वाटेल म्हणून इथे लिहितो आहे.

पेन कसं होतं

सप्टेंबर 2009 च्या अखेरीस, गांधीजींच्या 140 व्या जयंतीच्या तोंडावर, माँब्लांने हे पेन मुंबईत बाजारात आणलं. आवृत्ती फक्त 241 पेनांची. 1930 च्या दांडीयात्रेचं अंतर 241 मैल, म्हणून पेनंही तेवढीच. एकेकाची किंमत 11 लाख रुपयांच्या पुढे. सोबत 3000 पेनांची दुसरी, त्या मानाने स्वस्त आवृत्ती होती. त्यात शाईपेन आणि रोलरबॉल असे दोन प्रकार होते, किंमत दीड लाख आणि त्याच्या थोडी वर.

241 मधलं प्रत्येक पेन सोनाराच्या पेढीवर शोभावं असं होतं. निब 18 कॅरेट सोन्याची, तिच्यावर हातात काठी घेऊन चालणाऱ्या गांधीजींची आकृती कोरलेली. क्लिपवर केशरी रंगाचा गार्नेटचा खडा. टोपण आणि दांडीचा आकार सूतकताईच्या चातीवरून घेतलेला. पेनाबरोबर आठ मीटर लांबीचा सोनेरी धागा यायचा, तो मालकाने आपल्या हाताने पेनाभोवती गुंडाळायचा.

या धाग्यापाशी मी बराच वेळ थांबलो. कल्पना म्हणून ती सुंदर आहे, हे मान्य करतो. पेन विकत घेणाऱ्याच्या हाताला काहीतरी काम द्यावं, असं कोणाला तरी मनापासून वाटलं असणार. पण आमच्या ओळखीच्या एका आजी अजून टकळी चालवतात. आठ मीटर सूत त्यांच्या हातून काही मिनिटांत निघतं. डाव्या हातात पेळू (पिंजलेल्या कापसाची वळी), उजव्या हाताच्या चिमटीने टकळीला पीळ, आणि धागा आपोआप लांबत जातो. तुटला तर दोन टोकं ओली करून पुन्हा जोडायची. त्यांना असा धागा काढताना पाहिलं की लक्षात येतं की चरख्याचं सगळं मर्म सूत काढण्यात आहे. पेनाबरोबरचा धागा आयता काढून दिलेला होता, मालकाच्या वाट्याला उरलं होतं नुसतं गुंडाळणं.

कंपनीची बाजू

कंपनीच्या बाजूने जे बोलण्यासारखं आहे ते आधी सांगतो, कारण ते कमी नाही.

पेन आणि गांधीजी हे नातं ओढूनताणून जोडलेलं नाही. फार थोड्या माणसांनी आयुष्यात इतकं लिहिलं असेल. त्यांच्या समग्र वाङ्मयाचे इंग्रजीत शंभर खंड भरले. नोव्हेंबर 1909 मध्ये लंडनहून दक्षिण आफ्रिकेला परतताना 'किल्डोनन कॅसल' या बोटीवर, बोटीच्याच कागदांवर, त्यांनी 'हिंद स्वराज' लिहून काढलं. 275 पानांच्या त्या हस्तलिखितातली 40 पानं डाव्या हाताची आहेत. उजवा थकला की डावा, पण लिहिणं चालूच. पेन बाजारात आलं त्या 2009 मध्ये या लिखाणाला बरोबर शंभर वर्षं होत होती. लेखणीच्या कारागिरांना या माणसाची आठवण करावीशी वाटली तर त्यात वावगं काय?

शिवाय कंपनी चोरासारखी आलेली नव्हती. गांधीजींचे पणतू तुषार गांधी यांची संमती होती. त्यांच्या संस्थेला सुमारे 72 लाख रुपयांचा धनादेश देण्यात आला. सुटका केलेल्या बालमजुरांच्या निवाऱ्यासाठी तो पैसा वापरला जाणार होता. टीका झाल्यावर तुषार गांधींचं म्हणणं असं होतं की ही कंपनी पेनांसाठी ओळखली जाते, तेव्हा तिने आपल्या परीने उत्तमातलं उत्तम पेन घडवणं हीच तिची आदरांजली. या म्हणण्यात मला प्रामाणिकपणा दिसतो. ज्याला जे येतं त्याने ते वाहावं, ही आपल्याकडचीही रीत आहे. कुंभार मडकं वाहतो, माळी फुलं.

साबरमती आश्रमातून मात्र उमटलेली प्रतिक्रिया अगदी उलट होती. गांधीजींनी हे पेन पाहिलं असतं तर फेकून दिलं असतं, असं तिथे उघड बोललं गेलं. वर्तमानपत्रांनी ही दोन मतं समोरासमोर छापली आणि बहुतेकांच्या लेखी प्रकरण तिथेच संपलं. माझ्या मते ते तिथून सुरू होतं.

कायदा कुठे आडवा आला

केरळमधल्या एका ग्राहक शिक्षण संस्थेने तिथल्या उच्च न्यायालयात धाव घेतली. तिचा आधार होता 1950 चा, बोधचिन्हं आणि नावं यांचा अनुचित वापर रोखणारा कायदा. हा कायदा छोटा आहे, दहा मिनिटांत वाचून होतो, आणि जमवाजमव करणाऱ्या प्रत्येकाने तो एकदा वाचावा. त्याच्या तिसऱ्या कलमाचा गाभा असा: अनुसूचीत दिलेलं नाव किंवा चिन्ह, अथवा त्याची भासमान नक्कल, कोणत्याही व्यापारासाठी, धंद्यासाठी, पेशासाठी, किंवा ट्रेडमार्कमध्ये वा डिझाइनमध्ये केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय वापरता येत नाही. अनुसूचीत राष्ट्रध्वज आहे, संयुक्त राष्ट्रसंघ आहे. त्यात एक नोंद व्यक्तींची आहे. तिच्यात महात्मा गांधी, पंडित नेहरू, इंदिरा गांधी आणि पंतप्रधान यांच्याबरोबर छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आहे. नुसतं नाव नाही, चित्रसुद्धा. त्या नोंदीत एक सवलत मात्र आहे. कॅलेंडरवर चित्र छापता येतं, पण तिथे फक्त कॅलेंडर बनवणाऱ्याचं आणि छापणाऱ्याचं नाव असावं आणि ते मालाच्या जाहिरातीसाठी वापरलेलं नसावं.

म्हणजे परवानगी लागते ती केंद्र सरकारची. कुटुंबाची नाही. पणतवाने मनापासून होकार दिला, देणगी सत्कार्याला गेली, पेन उत्तम बनलं, यातल्या कशानेही तिसऱ्या कलमाची अट पुरी होत नाही. आपल्याकडे थोर माणसाच्या बाबतीत "घरच्यांची हरकत नाही ना?" हे विचारलं की काम झालं असं सगळे धरून चालतात. गणपतीच्या वर्गणीपासून पुतळ्यापर्यंत तसंच. इथे कायद्याने ठरवून ठेवलं आहे की ही काही नावं कोणाच्याही घरची राहिलेली नाहीत.

मग फेब्रुवारी 2010 मध्ये, म्हणजे पेन आल्यावर पाचएक महिन्यांतच, भारतातली विक्री कंपनीने थांबवली.

या कायद्यात शिक्षा किती, हेही सांगायला हवं. त्या वेळी जास्तीत जास्त 500 रुपये दंड. आणि खटला भरायचा तरी त्याला केंद्र सरकारची आधी मंजुरी. इतक्या दुबळ्या दाताचा कायदा असूनही 11 लाखांचं पेन दुकानाच्या काचेआडून काढावं लागलं. याचं कारण मला असं वाटतं की महागड्या पेनांचा धंदा दंडाला भीत नाही, नावाला डाग लागण्याला भितो. गिऱ्हाईक पैसे मोजतं ते सोन्यासाठी कमी आणि त्याच्याभोवतीच्या गोष्टीसाठी जास्त. गोष्टीवरच न्यायालयात प्रश्न उभा राहिला की मागे उरतं ते सोन्याचं वजन.

आकड्याचा अर्थ

मित्राला उत्तर देताना मी सगळ्यात जास्त विचार केला तो 241 या आकड्याचा.

मर्यादित आवृत्तीत आकडा हाच प्राण असतो. याच कंपनीने 1992 मध्ये कलेच्या आश्रयदात्यांच्या नावाने मालिका सुरू केली, तिचं पहिलं पेन लोरेन्झो दे मेडिचीच्या नावाचं. पेनं होती 4810, कारण माँ ब्लाँ शिखराची उंची कंपनी 4810 मीटर धरते. पेन्सिलीतही हेच. फाबर-कास्टेल ही न्यूरेम्बर्गजवळच्या श्टाइनची कंपनी 1761 पासूनची. 240 वर्षं झाली तेव्हा, 2001 मध्ये, त्यांनी व्हाइट गोल्डचं टोपण आणि त्यात हिरे असलेली पेन्सिल काढली, फक्त 99. डोंगराची उंची किंवा कारखान्याचं वय हे आकडे निरुपद्रवी आहेत. त्यांच्यामागे कोणी उन्हातून चाललेलं नाही.

241 चं तसं नाही. 12 मार्च 1930 ला साबरमतीहून गांधीजींबरोबर 78 जण निघाले. 6 एप्रिलला दांडीच्या किनाऱ्यावर मीठ उचललं. मधल्या गावागावांत लोक येऊन मिळत गेले, आणि नंतर मिठाचा सत्याग्रह आपल्या कोकणातल्या शिरोड्यापर्यंत पोचला. प्रश्न होता मिठाचा, जे गरिबातल्या गरिबाला रोज लागतं. त्या यात्रेतल्या प्रत्येक मैलाला माणसं वाढत गेली. मर्यादित आवृत्तीचा आकडा नेमकं उलटं काम करतो. 241 नंतर दार बंद. जितके लोक बाहेर राहतील तितकी आतल्यांची वस्तू मोलाची. एकच आकडा, पण एका ठिकाणी तो लोकांना सामावून घेत गेला आणि दुसऱ्या ठिकाणी लोकांना अडवण्यासाठी वापरला गेला. मला या पेनाची किंमत खुपत नाही. महाग वस्तू मीही घेतल्या आहेत आणि त्या घेताना मला आनंद झाला आहे. मला खुपतो तो हा आकडा.

वर्ध्याहून गेलेलं पत्र

गांधीजी आणि शाईपेन यांची एक खरी गोष्ट आपल्याकडे आहे आणि तिचा धागा वर्ध्यातून जातो. आंध्रातल्या राजमहेंद्रीचे के. व्ही. रत्नम हे कारागीर. स्वदेशीच्या चळवळीत त्यांनी हाताने पेनं बनवायला घेतली. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे जे. सी. कुमारप्पा यांच्या हाती त्यांनी एक पेन वर्ध्याला पाठवलं. जुलै 1935 मध्ये गांधीजींनी रत्नम यांना पोच दिली. पेन वापरून पाहिलं, आणि बाजारात मिळणाऱ्या परदेशी पेनांना हा चांगला पर्याय दिसतो, अशा आशयाची. अवघ्या दोन-तीन ओळी. आज कोणतीही कंपनी असं पत्र सोन्याच्या चौकटीत लावेल, पण मला त्यातला "वापरून पाहिलं" हा भाग महत्त्वाचा वाटतो. आधी लिहून पाहिलं, मग मत दिलं.

तो काळच तसा होता. दांडीच्या पुढच्याच वर्षी, 1931 मध्ये, गिरगावात दांडेकरांनी 'हॉर्स ब्रँड' शाईची पूड आणि वड्या करायला सुरुवात केली. पुढे तिचीच कॅमलिन झाली. आमच्या पिढीच्या दौतीत शाई आली ती तिथून.

राजमहेंद्रीच्या धर्तीचं, लेथवर हाताने घडवलेलं एबोनाइटचं एक पेन माझ्याकडे आहे. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. पेन तळहातावर जोरात घासून नाकाशी धरलं की गंधकाचा मंद वास येतो, जळलेल्या काडीसारखा. आत पिस्टन नाही, रबरी नळी नाही. निबेचा भाग फिरवून काढायचा, ड्रॉपरने शाई थेट दांडीत भरायची, आट्यांवर बोटाच्या टोकाने किंचित ग्रीस फिरवायचं आणि पुन्हा घट्ट बसवायचं. एकदा भरलं की कितीतरी दिवस पुरतं. खोड एकच. शाई तळाला गेली की हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि निबेवाटे शाईचा थेंब टपकन कागदावर पडतो. उपाय सोपा आहे, दांडी निम्म्यावर आली की भरून घ्यायची. टोपणावर कारागिराच्या हत्याराच्या बारीक वर्तुळाकार रेघा राहिल्या आहेत, पॉलिशच्या खाली, उजेडात तिरकं धरलं की दिसतात. माझ्या पेनावर कोणताही आकडा कोरलेला नाही. तरी तसं दुसरं पेन होणं नाही, कारण हाताने घडवलेली दोन पेनं सारखी येतच नाहीत.

दोन इंचांची पेन्सिल

काकासाहेब कालेलकर मूळचे साताऱ्याचे, आपल्यातलेच. 1915 च्या डिसेंबरातल्या मुंबई काँग्रेसच्या वेळची एक आठवण त्यांनी सांगून ठेवली आहे. गांधीजी आपल्या टेबलावर बराच वेळ काहीतरी धुंडाळत होते. काकासाहेबांनी विचारलं तेव्हा कळलं की पेन्सिल हरवली आहे, छोटीशी. काकासाहेबांनी आपली पेन्सिल पुढे केली. गांधीजींनी ती घेतली नाही. तीच हवी म्हणाले. शेवटी दोघांनी मिळून शोधली. सापडली ती जेमतेम दोन इंचांचा तुकडा होता. मद्रासला ते प्रकाशक जी. ए. नटेसन यांच्याकडे उतरले होते, तिथे नटेसन यांच्या लहान मुलाने तो मोठ्या प्रेमाने आणून दिला होता. तो हरवणं त्यांना सहन होणार नव्हतं.

मद्रासचा तो मुक्काम एप्रिल-मे मधला, म्हणजे सात-आठ महिने तो तुकडा त्यांनी जवळ बाळगला होता. शिसं छिललं की पेन्सिल आखूड होणार, तरी ते लिहीत होतेच.

मी संग्राहक आहे, त्यामुळे ही आठवण वाचताना मला सगळ्यात आधी जाणवलं की हा माणूस संग्राहकाचंच दुखणं भोगत होता. हीच हवी, दुसरी चालणार नाही, तीच शोधा. आमच्यातला प्रत्येक जण हे कधी ना कधी करतो. मौल्यवान वस्तू म्हणजे काय हे त्यांना आपल्याइतकंच, बहुधा आपल्याहून नीट कळत होतं. तेव्हा "गांधीजींना वस्तूंचं काय सोयरसुतक" असं म्हणून या पेनावर झोड उठवणाऱ्यांशीही मी पूर्ण सहमत नाही. त्यांना वस्तूंचं मोल होतं. त्यांच्या लेखी ते मोल कोणी दिलं, कशासाठी दिलं, आणि वस्तू कामी येते की नाही, यांवर ठरत होतं.

2009 च्याच मार्चमध्ये न्यूयॉर्कला त्यांचा चष्मा, घड्याळ, चपला, वाडगा आणि ताट लिलावात 18 लाख डॉलरना गेलं. तेव्हाही देशात गदारोळ झाला. पण त्या वस्तू निदान त्यांच्या हातातल्या होत्या. घड्याळाची किल्ली त्यांनी दिलेली, चपला त्यांच्या पायाने झिजलेल्या. संग्राहकाच्या नजरेने या दोन प्रकरणांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि बातम्यांनी दोन्हींना एकाच पोत्यात भरलं याचं मला आजही वाईट वाटतं.

मित्राला काय सांगितलं

मी त्याला लांबलचक मेल लिहिली. त्यातलं मुख्य असं. भारतात या पेनाची विक्री थांबली ती व्यापारासाठी नाव वापरण्यावरून. तू अमेरिकेत, स्वतःसाठी, वापरलेलं पेन घेतोस, त्यात हा कायदा आड येत नाही. पण उद्या ते इथे आणून विकायचा विचार असेल तर आताच सोडून दे. गुंतवणूक म्हणून तर मुळीच घेऊ नकोस. एकदा वादात सापडलेल्या आवृत्तीचा भाव विकणारा "दुर्मीळ" म्हणून चढवतो आणि घेणारा "अडचणीची" म्हणून उतरवतो, आणि आपण दर वेळी घेणाऱ्याच्याच बाजूला सापडतो.

घ्यायचंच असेल तर पेनावर कोरलेला क्रमांक आणि सोबतच्या कागदांवरचा क्रमांक जुळवून घे. निबेचे फोटो माग, वरून नको, समोरून, दोन्ही पाती एका पातळीत आहेत का ते दिसेल असे. निबेखालच्या फीडच्या, म्हणजे निबेला शाई पुरवणाऱ्या भागाच्या, खाचांत वाळलेली शाई आहे का ते बघ. असली तर घाबरू नकोस. "कधीही शाई भरलेली नाही" असं विकणारा अभिमानाने लिहितो आणि त्यावर जास्त पैसे मागतो. मी मात्र लिहिलेलं पेन आधी घेईन. ते चालतं एवढं तरी कळतं.

शेवटची गोष्ट मी त्याला अट म्हणूनच घातली. घेतलंस तर शाई भर आणि रोज लिही. बाजारभाव पडेल, पडू दे. निबेवर गांधीजी चालताना कोरले आहेत आणि पेन मखमलीत आडवं पडून आहे, हे मला बघवणार नाही.

त्याचं उत्तर आलं की अट मान्य आहे, पण तो मोठ्या आवृत्तीचा आकडा तरी कसला, ते शोधून सांग. त्या 3000 मागची गोष्ट मला कुठे सापडली नाही, आणि खरं सांगायचं तर त्यामुळे मला ते पेन थोडं बरं वाटू लागलं. त्याने अजून ठरवलेलं नाही. विकणाऱ्याकडून निबेचे जवळून काढलेले फोटो मागवले आहेत. ते आले की रविवारी व्हिडिओ कॉलवर बसून दोघं बघणार आहोत.